सुरुवातीच्या जीवांचे पोट कशावर भरत होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जीवसृष्टीच्या सुरुवातीबद्दल विचारताना बहुतेकांचा पहिला प्रश्न "पहिला रेणू कोणता?" हा असतो. "त्या रेणूंना चालवत काय होते?" हे कुणीतरी जाता जाता विचारते. माझ्या मते क्रम उलटा हवा. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दोन प्रश्नांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पेशी ऊर्जा "तयार" करते म्हणजे नक्की काय करते?

तयार काहीच करत नाही. ऊर्जा निर्माण होत नाही हे सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असते, तरी "ऊर्जानिर्मिती" हा शब्द जीवशास्त्रातून काही जात नाही. काही पदार्थ आपले इलेक्ट्रॉन सहज सोडतात, काही ते ओढून घेतात. इलेक्ट्रॉन पहिल्याकडून दुसऱ्याकडे गेले की ऊर्जा मोकळी होते. ती सगळी उष्णता होऊन उडून जाण्याआधी पेशी तिच्यातला थोडा वाटा अडवते आणि कामाला लावते. पाणचक्की पाणी तयार करत नाही, वरून खाली येणाऱ्या पाण्याच्या वाटेत उभी राहते. तसेच हे.

म्हणून या पानावरचा खरा प्रश्न असा आहे: तरुण पृथ्वीवर कोणते "पाणी" आधीपासून उतारावरून वाहत होते, आणि त्याच्या वाटेत पहिली चक्की कशी बसली?

२. एटीपीमध्ये ऊर्जा साठवलेली असते ना?

असे म्हटले जाते, पण त्याने गोंधळ वाढतो. एटीपी हा पेशीतल्या ऊर्जेच्या देवाणघेवाणीचा रेणू. त्यात तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेले असतात. शेवटचा तुटला की एडीपी उरतो आणि ऊर्जा मिळते. मात्र ही ऊर्जा त्या बंधात स्प्रिंगसारखी दाबून ठेवलेली नसते. परीक्षानळीत एटीपी पाण्यात नुसता ठेवला तर तो हळूहळू तुटत जातो आणि समतोलाला पोहोचला की त्याच्याकडून काहीही काम होत नाही. जिवंत पेशीत एटीपी आणि एडीपीचे प्रमाण या समतोलापासून सुमारे एक हजार कोटी पट दूर राखलेले असते. ताकद आहे ती या अंतरात. पेशी मेली की एटीपीचा रेणू बदलत नाही, अंतर मिटते.

माणसाच्या शरीरात कुठल्याही क्षणी एटीपी जेमतेम शंभरएक ग्रॅम असतो, पण दिवसभरात होणारी त्याची उलाढाल साधारण शरीराच्या वजनाइतकी भरते. एकच रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा जोडला जातो. त्याला कोठार म्हणण्यापेक्षा हातोहात फिरणारे चलन म्हणणे बरे.

३. मग पहिली ऊर्जा सूर्याचीच असणार, नाही का?

आजची बहुतेक जीवसृष्टी सूर्यावर चालते, त्यामुळे हे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्रकाश पकडायला रंगद्रव्ये लागतात, त्यांना नेमक्या जागी धरून ठेवणारी प्रथिने लागतात आणि सुटलेला इलेक्ट्रॉन परत मागे फिरण्याआधी पुढे नेणारी साखळी लागते. एवढा सरंजाम पहिल्याच दिवशी असणे अवघड आहे. शिवाय ओझोनचे छत्र नसताना उन्हाबरोबर येणारे अतिनील किरण रेणू जोडत, तसे तोडतही.

उन्हाशिवाय भरगच्च जीवन चालते हे १९७७ मध्ये डोळ्यांनी दिसले. गॅलापागोस बेटांजवळ अल्व्हिन या पाणबुडीतून समुद्रतळाचे उष्ण झरे सापडले आणि त्यांच्याभोवती प्राण्यांची वस्तीच्या वस्ती. त्या वस्तीचा पाया होता झऱ्यातल्या हायड्रोजन सल्फाइडवर जगणारे जिवाणू. एक खोच मात्र आहे. ते जिवाणू सल्फाइड जाळायला समुद्राच्या पाण्यातला ऑक्सिजन वापरतात आणि तो ऑक्सिजन उन्हाचीच देणगी आहे. सूर्याशी खरोखर काडीमोड घेतलेल्या जीवासाठी प्रश्न १५ पाहा.

४. मिलरच्या प्रयोगात विजेच्या ठिणग्या होत्या. विजेनेच सुरुवात झाली असे शिकलो, ते चूक?

स्टॅन्ली मिलरने १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग चूक नव्हता. मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून ठिणग्या सोडल्यावर अमिनो आम्ले तयार होतात, हे त्याने दाखवले. तरुण पृथ्वीच्या पाण्यात सेंद्रिय रेणूंचे "आदिम सूप" साठले आणि त्यातून जीव आले, या ओपारिनने १९२४ मध्ये आणि हाल्डेनने १९२९ मध्ये मांडलेल्या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

पण अमिनो आम्ले ही विटा झाली. विटांचा ढीग कितीही मोठा असला तरी तो स्वतःहून घर बांधत नाही, त्याला राबणारे हात लागतात. वीज अधूनमधून पडते, पडते तिथे हाहाकार करते आणि मग बराच काळ काहीच नसते. आज विजेच्या कडकडाटावर जगणारा एकही जीव माहीत नाही. पेशीला हवी असते बारीक, अखंड धार.

५. किण्वन ही सर्वांत जुनी पद्धत, असे अनेक पुस्तकांत आहे. बरोबर आहे का?

हा समज आदिम सूपातून आला: सूपात साखर होती, पहिल्या पेशींनी ती आंबवून खाल्ली. वाचायला छान, पण तीन ठिकाणी अडते. एक, तयार साखरेचा असा साठा कुठून आला हे सांगता येत नाही, आणि असलाच तरी तो लवकर संपला असता. दोन, किण्वन साधे वाटते पण त्याला दहा-बारा विकरे (क्रियांना वेग देणारी प्रथिने) एका ओळीत लागतात, आणि एवढे करून ग्लुकोजच्या एका रेणूमागे हाती येतात फक्त दोन एटीपी. तिसरे मला सर्वांत वजनदार वाटते. जिवाणू आणि आर्किया या जीवसृष्टीच्या दोन सर्वांत जुन्या शाखा. साखर फोडणारी त्यांची विकरे बऱ्याच ठिकाणी एकमेकांशी जुळत नाहीत, पण पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, बसलेले एटीपी बनवणारे यंत्र दोघांकडेही आहे. वडिलोपार्जित वाटते ते यंत्र. किण्वन दोन्ही घरांनी पुढे आपापले कमावलेले दिसते.

६. पटलातले ते यंत्र आणि "प्रोटॉनचा उतार" सोप्या भाषेत सांगाल का?

१९६१ मध्ये पीटर मिचेलने ही कल्पना मांडली तेव्हा जीवरसायनशास्त्रज्ञ एटीपी बनण्याआधीचा कुठलातरी ऊर्जावान मधला पदार्थ शोधत होते. मिचेल म्हणाला, असा पदार्थच नाही. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना पेशी प्रोटॉन (हायड्रोजनचे धन आयन, ते जितके जास्त तितकी आम्लता जास्त) पटलाच्या एका बाजूला ढकलते, तिथे त्यांची दाटी होते, आणि परत येण्यासाठी त्यांना एकच अरुंद दार ठेवलेले असते. त्या दारात चक्र आहे. प्रोटॉन आत शिरतात, चक्र फिरते आणि प्रत्येक फेऱ्याला तीन एटीपी तयार होतात. फिरते म्हणजे अक्षरशः फिरते. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी या चक्राच्या आसाला चमकणारा तंतू चिकटवून ते सूक्ष्मदर्शकाखाली फिरताना पाहिले.

कल्पना इतकी विचित्र होती की ती मान्य व्हायला वर्षे गेली. मिचेलला नोबेल मिळाले १९७८ मध्ये. दरम्यान झालेले दोन प्रयोग मला अजूनही थक्क करतात. १९६६ मध्ये आंद्रे यागेनडॉर्फने हरितकणांतली पटले आधी सामू (pH, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ४ च्या आम्लात भिजवली आणि मग अंधारातच सामू ८ च्या आसपासच्या द्रावणात टाकली. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनची साखळी बंद, तरी एटीपी तयार! नुसता आम्लतेतला फरक पुरला. हा प्रयोग लक्षात ठेवा, प्रश्न ७ मध्ये निसर्ग तेच करताना दिसेल. दुसरा १९७४ चा. रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या मेदाचे सूक्ष्म बुडबुडे केले, त्यांत खाऱ्या पाण्यातल्या एका आर्कियाचे प्रकाशावर चालणारे प्रोटॉन-पंप बसवले आणि बैलाच्या हृदयातले एटीपीचे यंत्र. तिघांचा एकमेकांशी दूरान्वयानेही संबंध नाही. प्रकाश पडला आणि एटीपी बनू लागला.

पटलावरचा विद्युतदाब असतो दीडशे मिलिव्होल्टच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक, पण पटलाची जाडी फक्त पाच-सहा नॅनोमीटर असते. मीटरच्या हिशोबात तो जवळजवळ तीन कोटी व्होल्ट भरतो.

७. समुद्रतळाच्या अल्कधर्मी झऱ्यांवर एवढा भर का दिला जातो?

कारण तिथे प्रोटॉनचा उतार फुकट मिळतो.

१९७९ मध्ये सापडलेले काळा धूर ओकणारे झरे वेगळे. ते ज्वालामुखीच्या उष्णतेवर चालतात, त्यांचे पाणी आम्लधर्मी असते आणि साडेतीनशे अंशांच्या वर जाते. भूवैज्ञानिक मायकेल रसेलने ज्यांचा अंदाज बांधला ते झरे शांत स्वभावाचे. समुद्राचे पाणी खाली झिरपते आणि ऑलिव्हिन या लोहयुक्त खनिजाला भिडते. ऑलिव्हिनचे सर्पेंटाइन होते, उष्णता सुटते, पाणी अल्कधर्मी होते आणि त्यात भरपूर हायड्रोजन मिसळतो. असे झरे खरोखर असतात हे २००० मध्ये अटलांटिक महासागराच्या मध्यावर सापडलेल्या "लॉस्ट सिटी" या क्षेत्राने दाखवले. तिथले तापमान ४० ते ९० अंश, सामू ९ ते ११, आणि कार्बोनेटचे पांढरे मनोरे ६० मीटरपर्यंत उंच. हे क्षेत्र किमान ३०,००० वर्षे चालू आहे. काळे झरे काही दशकांतच विझू शकतात.

आता हेच चार अब्ज वर्षांपूर्वी कल्पून पाहा. हवेत ऑक्सिजन जवळपास नाही, कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे समुद्र किंचित आम्लधर्मी, पाण्यात लोह विरघळलेले. झऱ्याच्या भिंतीत स्पंजासारखी छिद्रे, भिंतींना लोह आणि निकेलच्या सल्फाइडचा मुलामा. आत अल्कधर्मी आणि हायड्रोजनने भरलेले पाणी, बाहेर आम्लधर्मी आणि कार्बन डायऑक्साइडने भरलेले. सामूत तीनचा फरक धरला तर तो सुमारे १८० मिलिव्होल्टच्या बरोबरीचा होतो. दिशाही आजच्या पेशीसारखीच: बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी.

८. विकरे नव्हती तर एवढ्या रासायनिक क्रिया घडवल्या कुणी?

धातूंनी. आजही कित्येक प्राचीन विकरांच्या गाभ्यात लोह, निकेल आणि गंधकाचे छोटे गुच्छ असतात. त्यांची मांडणी खनिजांच्या तुकड्यांची आठवण करून देते, आणि भोवतीचे प्रथिन ही नंतर चढलेली वेष्टने वाटतात. म्युनिकचा पेटंट वकील आणि रसायनशास्त्रज्ञ ग्युंटर वेख्टरसहॉयझर याने १९८८ मध्ये लोह-गंधकाच्या पृष्ठभागावर चयापचय सुरू झाल्याची कल्पना मांडली. १९९७ मध्ये लोह आणि निकेलच्या सल्फाइडवर कार्बन मोनॉक्साइडपासून दोन कार्बनचे सक्रिय संयुग तयार होते, हेही त्याने सहकाऱ्यासह दाखवले.

पुढे पुरावे वाढत गेले. २०१४ मध्ये मार्कुस राल्सरच्या गटाला साखर फोडण्याच्या साखळीतल्या अनेक क्रिया विकरांशिवाय, विरघळलेल्या लोहाच्या मदतीने होताना दिसल्या. २०२० मध्ये मॅग्नेटाइट, ग्रेगाइट आणि अवारुआइट या खनिजांवर हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड १०० अंशांना ठेवल्यावर फॉर्मेट, असिटेट आणि पायरुवेट ही साधी कार्बनी संयुगे मिळाली. पायरुवेट म्हणजे आपल्या पेशींतल्या चयापचयाचा चौकच. विकरांनी या वाटा नव्याने खोदल्या नाहीत, पायवाटांचे रस्ते केले.

९. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बाटलीत नुसते ठेवले तर काहीच होत नाही. मग तिथे कसे झाले?

शंका रास्त आहे. एकूण क्रिया उताराची असली तरी पहिली पायरी चढाची आहे. सामू ७ ला हायड्रोजनकडे कार्बन डायऑक्साइडवर इलेक्ट्रॉन लादण्याइतका जोर जेमतेमही नसतो. पण अल्कधर्मी पाण्यात हायड्रोजन इलेक्ट्रॉन सोडायला जास्त उत्सुक होतो, आणि आम्लधर्मी पाण्यात कार्बन डायऑक्साइड ते घ्यायला. दोघांच्या मध्ये वीजवाहक सल्फाइडची पातळ भिंत असेल तर दोन्हीकडून मदत होते. २०२० मध्ये प्रयोगशाळेत अशी मांडणी करून थोडे फॉर्मेट मिळाले आहे. प्रमाण अगदी अल्प होते, पण सामूतला फरक काढून घेतला की तेही मिळत नव्हते.

आजचे जीव हा चढ दुसऱ्या युक्तीने चढतात. हायड्रोजनच्या दोन इलेक्ट्रॉनांपैकी एक सोप्या उतारावर सोडायचा आणि त्याच्या धक्क्याने दुसरा वर चढवायचा. ही क्लृप्ती २००८ मध्ये उलगडली.

१०. एटीपीचे यंत्र प्रथिनाचे आणि प्रथिन बांधायला ऊर्जा लागते. मग आधी काय?

कोंबडी आणि अंड्याचा हा सर्वांत चांगला प्रश्न. उत्तराचा धागा असा, की एटीपीच्या आधी त्याहून साधे चलन असावे. असिटिल फॉस्फेट हा त्यातला तगडा उमेदवार: दोन कार्बनचा तुकडा आणि एक फॉस्फेट. आजचे जिवाणू तो वापरतात. पाण्यात, फेरिक लोहाच्या सान्निध्यात तो एडीपीला फॉस्फेट देऊन एटीपी बनवतो, विकर नसतानाही. हे २०२२ मध्ये दाखवले गेले. म्हणजे आधी खनिजांवर सक्रिय असिटेट, मग असिटिल फॉस्फेट, त्या बळावर लहान प्रथिने आणि बऱ्याच काळाने ते फिरते चक्र. मधल्या कड्या अजून मोठ्या प्रमाणात अनुमानाच्या आहेत, हे सांगितलेच पाहिजे.

११. चक्र एवढे गुंतागुंतीचे. असिटिल फॉस्फेटवरच का नाही भागले?

हिशोब जुळत नाही म्हणून. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून असिटेट करणारे जिवाणू आजही आहेत. त्यांच्या मार्गाला वुड–ल्युंगडाल मार्ग म्हणतात. त्यात सुरुवातीला एक एटीपी खर्च होतो आणि शेवटी असिटिल फॉस्फेटकडून एक परत मिळतो. शिल्लक शून्य. क्रियेतून ऊर्जा सुटते, पण एक अख्खा एटीपी बांधण्याइतकी ती एका फेरीत हाती लागत नाही.

इथे प्रोटॉनचा उतार कामी येतो. तो चिल्लर साठवतो. एका फेरीत एखादाच आयन पलीकडे ढकलता आला तरी चालते. असे तीन-चार जमले की एक एटीपी. रसायनशास्त्राला पूर्ण नोटाच चालतात, पटलाला सुट्टे पैसेही चालतात.

१२. सर्व जीवांचा तो शेवटचा सामाईक पूर्वज कसा जगत होता, हे आज कसे कळणार?

जीवाश्मांवरून नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागातले स्ट्रोमॅटोलाइट सुमारे ३.५ अब्ज वर्षांपूर्वीचे आहेत, आणि हा पूर्वज त्याहून जुना. मग उरतात जनुके. २०१६ मध्ये एका जर्मन गटाने जिवाणू आणि आर्कियांची सुमारे ६१ लाख जनुके चाळून या पूर्वजाकडे असण्याची शक्यता असलेली ३५५ प्रथिन-कुटुंबे वेगळी काढली. चित्र उभे राहिले ते हायड्रोजनवर जगणाऱ्या, कार्बन डायऑक्साइड बांधणाऱ्या, ऑक्सिजनशिवायच्या उष्णताप्रिय जीवाचे. यादीवर पुष्कळ टीका झाली, कारण जिवाणू एकमेकांत जनुकांची देवाणघेवाण करतात आणि त्यातून वारसा व उसनवारी वेगळी करणे कठीण जाते. २०२४ च्या दुसऱ्या अभ्यासाने त्याचे वय सुमारे ४.२ अब्ज वर्षे आणि प्रथिने २,६०० च्या आसपास काढली. एवढी प्रथिने म्हणजे आजच्या जिवाणूच्या तोडीचा संसार झाला. हा पूर्वज सुरुवात नव्हता, सुरुवातीनंतर बरेच काही घडून गेल्यावरचा होता.

१३. झऱ्यांच्या सिद्धान्तावर आक्षेप काय आहेत?

बरेच, आणि काही मला पटतातही. पाणी लांब साखळ्यांचे रेणू तोडते. त्यामुळे ओले-कोरडे होणारी जमिनीवरची डबकी अनेकांना जास्त सोयीची वाटतात. आरएनएच्या घटकांचे प्रयोगशाळेतले काही उत्तम मार्ग अतिनील प्रकाश मागतात, तो समुद्रतळाशी नाही. सर्व पेशींच्या आत सोडियमपेक्षा पोटॅशियम कितीतरी जास्त असते, समुद्रात नेमके उलटे. यावरून आर्मेन मुल्किजानियन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये जमिनीवरच्या भूऔष्णिक क्षेत्रांची बाजू मांडली. शिवाय झऱ्याची भिंत जाड असेल तर सामूतला फरक तिच्यातच विरून जाईल, पेशीइतक्या पातळ थरावर तो टिकेल कशावरून, हाही प्रश्न आहे. फॉस्फेट सहज विरघळत नाही ही अडचण तर सगळ्याच सिद्धान्तांना आहे. उल्केतल्या श्रायबरसाइटसारख्या फॉस्फरसयुक्त खनिजांकडे त्यासाठी बोट दाखवले जाते.

माझा कल सांगतो. विटा कुठे भाजल्या आणि चक्की कुठे फिरली हे दोन वेगळे प्रश्न असू शकतात. दुसऱ्या प्रश्नावर झऱ्यांचे उत्तर आज सर्वांत भक्कम आहे, पहिल्यावर तसे म्हणवत नाही.

१४. ऑक्सिजन नव्हता, तर श्वसन नंतरच आले असणार ना?

ऑक्सिजनचे श्वसन नंतर आले, श्वसन नव्हे. श्वसन म्हणजे इलेक्ट्रॉन साखळीतून नेऊन कुणाच्या तरी पदरात टाकणे, आणि तो पदर गंधकाचा, सल्फेटचा, नायट्रेटचा किंवा लोहाचाही असू शकतो. तसे श्वसन करणारे जिवाणू आजही चिखलात भरपूर आहेत.

प्रकाशसंश्लेषणही आधी ऑक्सिजनविनाच होते, हायड्रोजन सल्फाइडसारख्या पदार्थांतून इलेक्ट्रॉन काढून. पाणी फोडणे जमले ते सायनोबॅक्टेरियांना, मँगनीज आणि कॅल्शियमच्या एका गुच्छामुळे. सुमारे २.४ अब्ज वर्षांपूर्वी हवेत ऑक्सिजन टिकू लागला. तेव्हाच्या बहुतेकांना तो विषच होता. ज्यांनी तो जुन्या साखळीच्या टोकाला जोडून घेतला त्यांची कमाई ग्लुकोजमागे दोनवरून तीस एटीपीच्या घरात गेली. त्यांपैकीच एका जिवाणूचे वंशज आपल्या पेशींत तंतुकणिका म्हणून राहतात.

१५. या सगळ्याला अपवाद आहेत का?

आहेत, आणि तेच अनेकदा जास्त शिकवतात.

काही जीव प्रोटॉनऐवजी सोडियमचा उतार वापरतात. असिटोबॅक्टेरियम वुडाय हा प्रश्न ११ मधल्या असिटेटवाल्या टोळीतला जिवाणू त्यांपैकी एक. सोडियम मोठा असल्याने गळक्या पटलातूनही सहज निसटत नाही. म्हणून प्रोटॉन की सोडियम, आधी काय, हा वाद चालू आहे.

फक्त किण्वनावर जगणारे जिवाणूही पटलावरचा दाब सोडत नाहीत. कष्टाने मिळवलेला एटीपी खर्चून ते तेच चक्र उलटे फिरवतात आणि प्रोटॉन बाहेर फेकतात. त्यांना एटीपी बनवायला उतार लागत नाही, पण उताराशिवाय जगता येत नाही.

मोनोसर्कोमोनॉइड्स या एकपेशीय जीवात तंतुकणिकांचा मागमूस नाही, हे २०१६ मध्ये कळले. त्याच्या पूर्वजांत त्या होत्या, त्याने गमावल्या. विषाणूंकडे स्वतःचा ऊर्जेचा व्यवहारच नसतो, यजमानाच्या जिवावर सगळे चालते.

आणि प्रश्न ३ मध्ये सांगितलेला काडीमोड: दक्षिण आफ्रिकेतल्या एम्पोनेंग सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोल राहणारा डिसल्फोरुडिस ऑडॅक्सव्हिएटर. तिथल्या खडकातल्या युरेनियमच्या किरणोत्साराने पाणी फुटते, हायड्रोजन सुटतो. हा जिवाणू तो हायड्रोजन घेतो आणि इलेक्ट्रॉन सल्फेटला देतो.

१६. अशी चक्की पृथ्वीबाहेर कुठे फिरत असेल का?

चक्कीचे माहीत नाही, उतार मात्र सापडला आहे. शनीच्या एन्सेलाडस या चंद्राच्या बर्फाखाली समुद्र आहे आणि भेगांतून त्याचे फवारे अवकाशात उडतात. कॅसिनी यान २०१५ मध्ये त्या फवाऱ्यांतून गेले. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या विश्लेषणात त्यांत हायड्रोजन आढळला, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही. तिथला समुद्र अल्कधर्मी आहे, आणि २०२३ मध्ये त्यात फॉस्फेट असल्याचेही कळले. इतका हायड्रोजन न वापरता शिल्लक राहतो, याचे दोन अर्थ लावले जातात. एक, मेजवानी मांडलेली आहे. दुसरा, जेवायला कुणीच आलेले नाही.